अंध व वृद्ध मांजरांचा सांभाळ

बेवारस किंवा मालकांनी सोडून दिलेल्या अंध व उतारवयातील मांजरांचा आश्रयस्थानातील प्रतिपाळ आणि त्यांना नवे घर मिळवून देण्याचे काम. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ‘ब्लाइंड कॅट रेस्क्यू अँड सँक्च्युअरी’ ही संस्था अंध मांजरांना आयुष्यभर आसरा देते.

पिल्लांची दृष्टी बहुधा हर्पिस विषाणूच्या संसर्गाने जाते. डोळे चिपडांनी चिकटतात, बुबुळाला व्रण पडतो. उपचार लांबल्यास डोळा काढावा लागतो. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडविकार किंवा अवटू ग्रंथीच्या अतिक्रियेमुळे रक्तदाब वाढून दृष्टिपटल सुटते आणि मांजर अचानक आंधळे होते. आहारात टॉरीन हे मांसातून मिळणारे पोषकद्रव्य कमी पडले तरी दृष्टिपटल झिजते. नुसत्या दूधभातावर मांजर पोसण्याची आपली रीत म्हणूनच घातक.

अंध मांजर मिशा, कान आणि नाकाच्या भरवशावर घरभर बिनधास्त फिरते, अट एवढीच की पाण्याचे वाडगे आणि रेतीचा ट्रे जागचा हलता कामा नये. त्याला उचलून भलतीकडे ठेवले की ते बावचळते. अशा वेळी ट्रेपाशी नेऊन सोडावे. हात लावण्यापूर्वी आवाज द्यावा. सांधे धरलेल्या मांजराला बुटक्या कडेचा ट्रे लागतो. नव्या घरी सुरुवातीला एकच खोली पुरे. खिडक्यांना जाळी मात्र हवीच.

वृद्ध मांजर दत्तक घ्यायला लोक कचरतात ते मुख्यतः औषधपाण्याच्या खर्चामुळे. काही संस्था तो खर्च स्वतः उचलून मांजर फक्त सांभाळायला देतात. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार पाळीव प्राणी वाऱ्यावर सोडणे गुन्हा आहे.