उच्च रिफ्रेश रेट (व्हिडिओ गेम)

उच्च रिफ्रेश रेट म्हणजे संगणक, दूरचित्रवाणी संच अथवा मोबाइल यांच्या पडद्याची दर सेकंदाला ६० पेक्षा अधिक वेळा चित्र नव्याने दाखविण्याची क्षमता होय. हा दर हर्ट्झ या एककात मोजला जातो. ९०, १२०, १४४, १६५ आणि २४० हर्ट्झ हे प्रचलित उच्च दर आहेत. पडदा कितीही वेगवान असला, तरी त्याला दाखविण्यासाठी नवे चित्र गेमनेच पुरवावे लागते. त्यामुळे अशा पडद्याचा लाभ खेळाडूला मिळतो की नाही, हे यंत्राच्या क्षमतेबरोबरच विकसकाने गेमची रचना कशी केली आहे यावरही अवलंबून असते.

रिफ्रेश रेट आणि फ्रेम रेट

या दोन संज्ञांची अनेकदा गल्लत होते. रिफ्रेश रेट हा पडद्याचा गुणधर्म आहे, तर फ्रेम रेट म्हणजे गेम एका सेकंदात किती नवी चित्रे, म्हणजेच फ्रेम, तयार करतो ती संख्या. १२० हर्ट्झच्या पडद्यावर ६० फ्रेमचा गेम चालविला, तर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखविली जाते आणि पडद्याची निम्मी क्षमता वाया जाते. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर तोच गेम चालविल्यास १४४ ला ६० ने पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे काही फ्रेम दोनदा, तर काही तीनदा दिसतात आणि हालचालीत बारीक हिसके जाणवतात.

एका फ्रेमसाठी उपलब्ध असणारा वेळ पुढीलप्रमाणे असतो:

३० फ्रेम – ३३.३ मिलिसेकंद
६० फ्रेम – १६.७ मिलिसेकंद
१२० फ्रेम – ८.३ मिलिसेकंद
१४४ फ्रेम – ६.९ मिलिसेकंद
२४० फ्रेम – ४.२ मिलिसेकंद

एवढ्या अवधीत गेमला खेळाडूची आज्ञा वाचणे, वस्तूंची स्थिती ठरविणे आणि संपूर्ण दृश्य रेखाटणे ही सर्व कामे उरकावी लागतात.

पार्श्वभूमी

चित्रपटासाठी सेकंदाला २४ फ्रेमचा दर रूढ झाला. दूरचित्रवाणीचे दर त्या त्या देशातील वीजपुरवठ्याच्या वारंवारितेशी जुळवून ठरले. अमेरिकेत ते ६०, तर युरोपातील बहुतेक देशांत आणि भारतात ५० होते. संगणकाचे जुने काचनळीचे मॉनिटर ७५, ८५ किंवा १०० हर्ट्झवरही चालत. त्यांची जागा द्रवस्फटिक पडद्यांनी घेतली, तेव्हा ६० हर्ट्झ हाच सर्वसाधारण दर बनला आणि अनेक विकसकांनी तो कायमचा आहे असे गृहीत धरले.

हे गृहीतक पुढे टिकले नाही. रेझरने २०१७ मध्ये १२० हर्ट्झचा मोबाइल आणला आणि त्याच वर्षी ॲपलच्या आयपॅड प्रोमध्येही हा दर आला. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेले प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सिरीज एक्स हे दोन्ही गेम-संच १२० हर्ट्झपर्यंत चित्र देऊ शकतात. त्यानंतर मध्यम किमतीच्या मोबाइलमध्येही ९० आणि १२० हर्ट्झचे पडदे सर्रास मिळू लागले.

लाभ

उच्च दरामुळे मुख्यतः दोन लाभ होतात. पहिला लाभ म्हणजे हालचालीतील धूसरपणा कमी होतो. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकणारी वस्तू ६० हर्ट्झवर एका फ्रेममागे १६ पिक्सेल पुढे जाते. डोळा तिचा सलग पाठलाग करीत असतो आणि पडद्यावरील चित्र मात्र तेवढा वेळ स्थिर राहते; त्यामुळे वस्तूच्या कडा सुमारे १६ पिक्सेल पुसट झाल्यासारख्या दिसतात. १२० हर्ट्झवर हे अंतर ८ पिक्सेलवर येते. दुसरा लाभ म्हणजे कळ दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा विलंब घटतो. नेमबाजी, शर्यत आणि तालावर आधारित गेममध्ये तो विशेष जाणवतो.

फ्रेमशी बांधलेली गणना

उच्च दराच्या मार्गातील सर्वांत मोठी अडचण गेमच्या अंतर्गत रचनेत असते. समजा, चेंडू प्रत्येक फ्रेमला ५ पिक्सेल सरकावा असे लिहिले आहे. ६० फ्रेमवर तो सेकंदाला ३०० पिक्सेल जाईल, परंतु १२० फ्रेमवर ६०० पिक्सेल जाईल. याचा अर्थ असा, की चांगला पडदा घेतलेल्या खेळाडूचा गेम दुप्पट वेगाने धावेल. अशा दोषाची काही प्रसिद्ध उदाहरणे पुढे दिली आहेत.

स्पेस इन्व्हेडर्स (१९७८): शत्रू मारले गेले की रेखाटण्याचे काम कमी होई आणि उरलेले शत्रू वेगाने सरकत. येथे ही मर्यादाच गेमचे वैशिष्ट्य ठरली.

क्वेक ३ अरेना (१९९९): काळाची गणना पूर्ण मिलिसेकंदांत होत असल्याने काही ठरावीक फ्रेम रेटवर उडी अधिक उंच जाई. म्हणून अनेक खेळाडू १२५ फ्रेमची मर्यादा ठेवीत.

स्कायरिम (२०११): मूळ आवृत्तीत ६० फ्रेमची मर्यादा काढल्यास घरातील भांडीकुंडी आपोआप उडू लागत.

नीड फॉर स्पीड रायव्हल्स (२०१३): ३० फ्रेमची मर्यादा हटविल्यास संपूर्ण गेमच जलद धावे.

डार्क सोल्स २ (२०१४): संगणकावर ६० फ्रेमने खेळताना शस्त्रांची झीज दुप्पट वेगाने होई. २०१५ मध्ये हा दोष दुरुस्त करण्यात आला.

उपाययोजना

सर्वांत सोपा उपाय म्हणजे मागील फ्रेमपासून प्रत्यक्ष किती वेळ गेला ते मोजून त्याने वेगाला गुणणे. मात्र प्रत्येक सूत्राला तो पुरेसा होत नाही. ‘दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा दहावा भाग कापावा’ असे लिहिलेला कॅमेरा उच्च दरावर लवकर पोहोचतो, आणि फ्रेम रेट फार घसरल्यास वेगवान गोळी भिंतीच्या आरपार जाऊ शकते.

अधिक भक्कम पद्धतीत गेमचे नियम व भौतिकी ठरावीक कालांतराने चालविली जाते आणि रेखाटन स्वतंत्रपणे, पडद्याला झेपेल त्या दराने होते. गणनेच्या दोन टप्प्यांमधील स्थिती अंतर्वेशनाने काढली जाते. युनिटी या गेम-इंजिनात भौतिकीचा टप्पा मुळात ०.०२ सेकंदाचा, तर गोडोमध्ये सेकंदाला ६० टप्पे असा असतो. ऑनलाइन गेमचे सर्व्हरही स्वतःच्या ठरावीक लयीत चालतात. व्हॅलोरंटच्या सर्व्हरची लय सेकंदाला १२८ टप्पे आहे.

फ्रेम रेट कमी-जास्त होत असल्यास बदलत्या रिफ्रेश रेटचे तंत्र उपयोगी पडते. त्यात फ्रेम तयार होताच पडदा ती दाखवितो, त्यामुळे चित्र मध्येच फाटल्यासारखे दिसत नाही. एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केले. पुढील वर्षी व्हेसा या संस्थेने अशाच तंत्राचा डिस्प्लेपोर्ट मानकात समावेश केला, आणि एचडीएमआय २.१ मध्येही ही सोय आली.

विकसकांना प्रोत्साहन

गेम-इंजिने व कार्यप्रणालींमध्ये या सोयी असल्या, तरी विकसकाने त्या मुद्दाम वापराव्या लागतात. मोबाइलसाठी युनिटीमध्ये स्वतंत्र सूचना न दिल्यास गेम सहसा ३० फ्रेमवरच चालतो. अँड्रॉइड ११ पासून गेमला आपला इच्छित फ्रेम रेट प्रणालीला कळविता येतो.

खेळाडूंचाही यात वाटा असतो. पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर कोणता गेम १२० किंवा अधिक फ्रेमवर चालतो याची गेमनिहाय नोंद स्वयंसेवक ठेवतात. ‘गेम नीट चालत नाही’ अशा मोघम तक्रारीपेक्षा यंत्राचे नाव, पडद्याचा दर, मोजलेला फ्रेम रेट आणि नेमका कोणता भाग बिघडतो हे सांगणारी नोंद विकसकाला अधिक उपयोगी पडते.

गेमचे दृश्य जड असले तरी मधला मार्ग निघू शकतो. रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट या गेमला २०२१ मध्ये १२० हर्ट्झच्या पडद्यासाठी ४० फ्रेमचा पर्याय देण्यात आला. १२० ला ४० ने पूर्ण भाग जातो, आणि त्याचा २५ मिलिसेकंदांचा अवधी ३० व ६० फ्रेमच्या अवधींच्या बरोबर मध्ये येतो. त्यामुळे चित्राचा तपशील फारसा न घटविता हालचाल अधिक सलग करता आली.

मर्यादा

उच्च दराचा लाभ उत्तरोत्तर कमी होत जातो. ६० वरून १२० वर जाताना एका फ्रेममागे ८.३ मिलिसेकंद वाचतात, तर १२० वरून २४० वर जाताना ४.२ मिलिसेकंदच वाचतात. याउलट वीज, उष्णता आणि मोबाइलच्या बॅटरीचा वापर वाढतो. संथ कोडी किंवा पत्त्यांच्या गेममध्ये हा खर्च बहुधा अनावश्यक ठरतो. म्हणून सर्वांवर उच्च दर न लादता गेमच्या सेटिंगमध्ये ३०, ६०, १२० किंवा अमर्याद असे पर्याय देऊन निवड खेळाडूवर सोपविणे इष्ट मानले जाते. मात्र ही निवड खरी ठरण्यासाठी कोणत्याही दरावर गेमचे नियम सारखेच राहिले पाहिजेत.

हेही पहा

फ्रेम रेट
हर्ट्झ
द्रवस्फटिक पडदा
गेम-इंजिन