कागदाचे काडतूस, पितळेचे काडतूस

जुन्नरच्या शाळेत १८५७ चा धडा आला, की एक प्रश्न दरवर्षी ठरलेला. “गुरुजी, काडतूस तर पितळेचे, ते दातांनी कसे तोडायचे?”

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर जुन्नरकरांच्या ओळखीचे आहे. ते काडतूस कागदाचे होते! कागदाच्या सुरळीत दारू आणि गोळी बांधलेली असे. शिपायाने टोक दातांनी फाडावयाचे, दारू नळीत ओतावयाची आणि गोळी गजाने ठासावयाची. काडतूस हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्याच्याही मुळाशी कागदच आहे. आमचा जुन्नरी कागद एके काळी महाराष्ट्रात नावाजलेला. गिरणीच्या कागदापुढे तो मागे पडला, तसे पितळेपुढे कागदी काडतूस मागे पडले.

हा पालट एकदम झाला नाही. १८६६ साली इंग्रजी फौजेने मागून भरावयाची स्नायडर बंदूक घेतली. तिच्यासाठी कर्नल बॉक्सरने पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी करून पुंगळी बनविली. १८७१ ची मार्टिनी-हेन्रीही तसल्याच पुंगळीवर चाले. आमच्या पुणे जिल्ह्यातला खडकीचा काडतुसांचा कारखाना १८६९ चा, म्हणजे याच संधिकाळातला.

पुंगळीचे काम मोठे नाजूक. बार होताच ती फुगून नळीच्या घराला घट्ट बसते व आगीचा झोत मागे येऊ देत नाही. लगेच किंचित आक्रसते, म्हणून बाहेर निघते. गुंडाळीची पुंगळी मात्र तापलेल्या, धुळीने भरलेल्या घरात चिकटे आणि ओढू जाता फाटे. १७ जानेवारी १८८५ रोजी सुदानात अबू क्ली येथे ऐन हातघाईत अनेक शिपायांच्या बंदुका अशाच अडकल्या. शत्रू अंगावर आणि हातात नुसता दांडा! पुढे एकसंध पितळ ओढून घडविलेली पुंगळी रूढ झाली.

अशी पुंगळी पुन्हा भरता येते. परदेशांतले हौशी नेमबाज आजही भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून तसे करणे गुन्हा आहे. पण त्यांची अडचण आंबेगाव तालुक्यातल्या कोणत्याही तांबटाला चटकन कळेल. फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मापाला आणतात, तरी पुष्कळदा ती घरात जात नाही. कारण अंग दाबले गेले, पण साचा खांद्यापर्यंत पोचलाच नाही. मग दबलेले पितळ पुढे सरकून खांदा उलट वर येतो. कधी मान लांबते. उपाय जुनाच आहे. पुंगळीला दिव्याची काजळी धरावी आणि ती रिकाम्या घरात बसवून पाहावी. काजळी जेथे पुसली गेली, तेथे अडते आहे.

जास्त दाबणेही वाईट. ३०३ बंदुकीचे घर मुद्दाम सैल ठेवीत, मातीने माखलेले काडतूसही आत जावे म्हणून. त्यात पुंगळी प्रत्येक बाराला ताणली जाते. दरवेळी पुरती मागे दाबली, तर बुडाशी पातळ होऊन एके दिवशी तिचे दोन तुकडे होतात. शिवाय दाबून दाबून पितळ ताठर होते व मानेला तडा जातो. तांबट घागर ठोकता ठोकता मध्येच भट्टीत धरतो, तो याच भयाने.

फौज या भानगडीत पडत नाही. पुंगळी एकदा वापरून टाकते. तिला पहिल्याच बाराला निर्दोष माल लागतो.

१८५७ ची चरबी सर्वांना ठाऊक आहे. १८८५ ची पुंगळी फारसे कोणी सांगत नाही. दोन्ही वेळा वस्तू ठरविणारे कचेरीत बसले होते. ती दाताखाली धरली किंवा बंदुकीत घातली ती शिपायाने, आणि मोलही त्यानेच दिले.