कौटुंबिक हिंसा आणि बालके

कुटुंबातील मारहाण, शिवीगाळ वा आर्थिक कोंडी यांचा प्रत्यक्ष आघात बहुधा मातेवर होत असला, तरी दाराआडून ते सारे पाहणारे मूल हेही त्या हिंसेचे बळीच होय. निद्रानाश, अंथरूण ओले होणे, अभ्यासातील अनवधान, अकारण भय किंवा आक्रमकता ही त्याची लक्षणे ‘हूडपणा’ म्हणून सर्रास निकालात काढली जातात. देवगिरीच्या पायथ्याशी वसलेल्या दौलताबादसारख्या गावात शेजारचा आक्रोश कानी पडूनही, ती ‘घरची बाब’ ठरवून कानाडोळा करण्याचा शिरस्ता दिसतो. वस्तुतः २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाच्या कलम ४ अन्वये कोणाही इसमास संरक्षण अधिकाऱ्याकडे वर्दी देता येते, आणि सद्‌भावनेने दिलेल्या वर्दीबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. कलम २१ अन्वये दंडाधिकारी अपत्यांचा तात्पुरता ताबा मातेस देऊ शकतात. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसमवेत आरंभिलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष पुढे राज्यभर विस्तारला. मुलातील बदल प्रथम हेरतात त्या मात्र अंगणवाडीसेविका व शिक्षकच. १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक त्यांच्या हाताशी असतो.