रंगाचा उतार आणि वाळण्याचा काळ

एका रंगांतून दुसऱ्या रंगांत डोळ्यांना न कळत कसें उतरावें, हा चित्रकारांपुढचा फार जुना प्रश्न आहे. संध्याकाळच्या आकाशांत केशरी रंग कोठें संपला आणि निळा कोठें सुरू झाला, हें बोट ठेवून सांगतां येत नाहीं. गालाच्या उजळ भागावरून हनुवटीखालच्या सावलींत नजर जाते, ती वाटेंत कोठेंहि अडखळत नाहीं. निसर्गाला हें विनासायास साधतें. चित्रकाराला मात्र त्यासाठीं आपल्या रंगाचा स्वभाव ओळखावा लागतो. आणि त्या स्वभावांत वाळण्याचा काळ ही गोष्ट पहिली. ॲक्रिलिक रंग वापरणारे पुष्कळ होतकरू चित्रकार निराश होऊन म्हणतात, हा रंग मिसळण्यापूर्वींच वाळतो, यांत मृदु छटा यावयाच्या नाहींत. ही तक्रार कितपत खरी आहे, तें आज आपण इतिहासालाच विचारूं.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार पूर्वीं झालेला आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रांत छटांच्या या कामाला 'वर्तना' असें नांव असून तिचे पत्रज, आहैरिक आणि बिंदुज असे तीन प्रकार सांगितले आहेत. पानाच्या शिरांसारख्या रेषा, अतिसूक्ष्म रेषा आणि ठिपके, असा त्यांचा अर्थ सामान्यतः लावतात. पांचव्या शतकाच्या सुमारास रंगविलेल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतील पद्मपाणि पाहावा. कोरड्या गिलाव्यावर, सरसासारख्या चिकट द्रव्यानें बांधलेल्या पाण्याच्या रंगांनीं त्या चेहऱ्याला गोलाई आणली आहे. असा रंग भिंतीला लागतांच शोषला जातो. तो घोळीत बसण्यास सवड नसते. वर्तनेच्या तिन्ही प्रकारांतहि ओला रंग घासण्याची गोष्ट नाहीं. छटा रेषेरेषेनें आणि ठिपक्याठिपक्यानें उभी राहते.

इटलींतील चित्रकारहि याच अडचणींत होते. १४०० च्या सुमारास चेनिनो चेनिनी यानें चित्रकलेवर लिहिलेला ग्रंथ म्हणजे उमेदवारांना दिलेला पाठच आहे. त्या काळीं लाकडी फळीवर अंड्याच्या पिवळ्या बलकांत कालवलेला रंग लावीत, आणि तो पाहतां पाहतां वाळे. चेनिनीचा उपाय सरळ आहे. वस्त्र रंगवावयाचें तर एकाच रंगाच्या गडद, मध्यम व फिकट अशा तीन छटा तीन भांड्यांत आधींच तयार ठेवाव्या, आणि एकीच्या कडेवर दुसरी कुंचल्यानें पुनःपुन्हां ओढीत जावें. मिश्रण आधीं भांड्यांत होतें, आणि शेवटीं पाहणाऱ्याच्या डोळ्यांत.

मग तैलरंग पुढें आला. यान व्हान आयक यानें तो शोधून काढला, ही वासारीनें १५५० मध्यें प्रसृत केलेली कथा आतां कोणी मानीत नाहीं. अफगाणिस्तानांतील बामियानच्या गुहांत सातव्या शतकाच्या सुमाराचीं, वाळणाऱ्या तेलांनीं रंगविलेलीं चित्रें असल्याचें २००८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. बाराव्या शतकांतील थिओफिलस या ख्रिस्ती भिक्षूनेंहि जवसाच्या तेलांतील रंगांची कृति लिहून ठेविली आहे. गंमत अशी, कीं थिओफिलसला हा रंग कंटाळवाणा वाटतो, कारण पहिला थर वाळेपर्यंत दुसरा लावतां येत नाहीं. जवसाचें तेल पाण्यासारखें उडून जात नाहीं; तें हवेंतील प्राणवायु शोषून हळूहळू घट्ट होतें, आणि त्याला दिवसच्या दिवस लागतात. थिओफिलसनें ज्याला दोष म्हटलें, त्याचाच व्हान आयकनें गुण करून घेतला. १४३२ मध्यें पूर्ण झालेल्या गेंट येथील चर्चच्या चित्रफलकांत वस्त्रांवरचा आणि रत्नांवरचा प्रकाश ज्या हळुवारपणें मावळतो, ती त्या संथ तेलाची देणगी आहे.

तथापि मृदु छटांचा जो कळस समजतात, त्याची तपासणी वेगळीच गोष्ट सांगते. लिओनार्दोनें १५०३ च्या सुमारास आरंभिलेल्या मोनालिसाच्या ओठांच्या कोपऱ्यांत धुरासारखी विरणारी सावली आहे. २०१० मध्यें फ्रेंच संशोधकांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें लिओनार्दोचीं चित्रें तपासलीं, तेव्हां अशा सावल्यांत एकावर एक दिलेले पारदर्शक थर आढळले. कांहीं थर अवघे एक-दोन मायक्रोमीटर जाडीचे, आणि सर्व मिळून जाडी ३० ते ४० मायक्रोमीटर. म्हणजे माणसाच्या केसाहूनहि सामान्यतः कमी. नुसत्या ओल्या रंगावर कुंचला फिरवून अशी सावली येत नाहीं. ती थरांची, आणि थर देणाऱ्याच्या धीराची, करणी आहे.

आतां ॲक्रिलिककडे वळूं. ऑटो रोम या जर्मन रसायनज्ञानें १९०१ मध्यें ॲक्रिलिक द्रव्यांवर प्रबंध लिहिला. पण चित्रकारांच्या हातीं तीं येण्यास सुमारें अर्धें शतक लागलें. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क येथें लेनर्ड बोकूर व सॅम गोल्डन यांनीं टर्पेंटाइनमध्यें विरघळणारा मॅग्ना हा रंग काढला. पुढील दशकाच्या मध्यास सिनसिनाटी येथील हेन्री लेविसन यानें पाण्यांत कालवतां येणारा लिक्विटेक्स बाजारांत आणला. या पाण्याच्या रंगांत कृत्रिम राळेचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. पाणी उडालें कीं ते एकमेकांस चिकटून सलग पापुद्रा बनतो, आणि तो पुन्हां पाण्यानें सुटत नाहीं. पातळ थरांत हें सारें कांहीं मिनिटांत घडतें. शिवाय ओलेपणीं तें मिश्रण दुधाळ दिसतें, म्हणून वाळल्यावर रंग थोडा गडद होतो.

कांहीं चित्रकारांनीं या स्वभावाशीं तह केला. डेव्हिड हॉकनी याच्या १९६७ मधील 'अ बिगर स्प्लॅश' या चित्रांत कॅलिफोर्नियाचें आकाश एकाच सपाट निळ्या रंगाचें आहे. तेथें उतार नाहींच. उत्पादकांनीं वाळणें लांबविणारीं द्रव्यें काढलीं. त्यांनीं सवड वाढते, पण तीं प्रमाणाबाहेर घातल्यास पापुद्रा कच्चा राहतो. ज्याला उतारच हवा, त्यानें पृष्ठभाग आधीं ओलसर करावा आणि दोन टोकांचे रंग व मधल्या दोन-तीन छटा भरपूर कालवून ठेवाव्या. त्यांचे पट्टे शेजारीं शेजारीं लावून सीमेवर रुंद मऊ कुंचला आडवा, हलक्या हातानें फिरवावा, आणि रंग चिकटूं लागला कीं हात आवरावा. तेथें हट्ट केला तर अर्धवट वाळलेला पापुद्रा उचलून येतो व डाग पडतो. उरलेली उणीव तो पुरता वाळल्यावर पातळ, पारदर्शक थरांनीं भरून काढावी.

या कृतींत चेनिनीचीं भांडीं आहेत आणि लिओनार्दोचे थरहि आहेत. फरक इतकाच, कीं तेलांत दोन थरांमध्यें दिवस मोजावे लागत. येथें तेच थर एका दुपारीं देतां येतात. ज्या त्वरेविषयीं तक्रार, तीच या रंगाचें भांडवल आहे. तेव्हां ॲक्रिलिकमध्यें मृदु छटा येत नाहींत असें म्हणण्यापेक्षां, तैलरंगाची संवय त्यावर लादली म्हणजे त्या येत नाहींत, असें म्हणणें अधिक खरें होईल. अशा वेळीं होतकरू चित्रकारानें तैलरंगाचें पुस्तक थोडें बाजूस ठेवावें आणि अजिंठ्याचा एखादा चेहरा निवांतपणें पाहावा.