वर्षभरानंतर कसे आहात?

६ जानेवारी १९१५, बॉस्टन. बीकन हिलचा चढ चढताना तुमचे बूट बर्फावर सारखे घसरताहेत. पिंक्नी स्ट्रीटवरच्या विटांच्या घरापाशी थांबा. हे घर नाही, इस्पितळ आहे, मोजक्याच खाटांचं. मालक डॉ. अर्नेस्ट एमोरी कॉडमन, वय पंचेचाळीस, हाडाचा सर्जन आणि हाडाचाच भांडखोर.

आत ईथरचा वास आहे. टेबलावर कार्डांचा गठ्ठा दिसतोय तो बेलाशक उचला. प्रत्येक रोग्याचं एक कार्ड: तक्रार काय होती, शस्त्रक्रियेआधी निदान काय केलं, प्रत्यक्षात काय केलं, काय बिघडलं, शेवटी निदान काय ठरलं. आणि मग एक रकाना, जो आज भरताच येत नाही. वर्षाने रोगी कसा आहे? तो भरेपर्यंत कॉडमनच्या लेखी उपचार संपलेला नसतो. टाके सुकले, बिल चुकतं झालं, रोगी घरी गेला, तरी वर्षाने त्याला गाठायचं आणि विचारायचं.

उत्तर वाईट आलं, तर पुढचा प्रश्न: का? सर्जनचं कौशल्य कमी पडलं? निर्णय चुकला? निदान हुकलं? देखभालीत किंवा साधनांत उणीव राहिली? की रोगच आटोक्याबाहेरचा होता, की रोग्यानेच उपचार नाकारले? कारण कार्डावर चढतं. १९११ ते १९१६ या काळात इथून ३३७ रोगी घरी जातील आणि कॉडमन त्यांच्या उपचारांतल्या १२३ चुका नोंदवील. स्वतःच्या इस्पितळाच्या. आणि त्या छापून इतर इस्पितळांना वाटील.

तुम्ही ज्या काळातून आलात तिथे तपासणीला कोणी येणार म्हटलं की ‘क्वालिटी’ची फाइल रातोरात भरते. त्यामुळे हा गठ्ठा हातात धरून थोडं ओशाळल्यासारखं झालं, तर ते साहजिक आहे.

इथल्या मोठ्या इस्पितळांचे वार्षिक अहवालही चाळून बघा. किती रोगी आले, किती शस्त्रक्रिया झाल्या, सगळं आहे. त्यातले बरे किती झाले, ते नाही. शाळेने पटसंख्या छापावी आणि निकाल गाळावा, तसं. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे बढती मिळते ती ज्येष्ठतेने. त्याचा निषेध म्हणून कॉडमनने गेल्या वर्षी तिथला राजीनामा दिला. तो मंजूर झाल्याचं कळताच त्याने तिथल्याच मुख्य सर्जनच्या जागेसाठी अर्ज ठोकला: गेल्या दहा वर्षांत माझे निकाल इतर सर्जनांपेक्षा सरस आहेत, सबब मला नेमा. दावा खोडून काढायला इतरांनी आपले निकाल मोजलेले हवेत ना! कोणीच मोजले नव्हते.

एक सांगितलं पाहिजे: हा दावा आजच्या संशोधकासमोर टिकला नसता. कोणाच्या वाट्याला आधीच खंगलेले रोगी आले, कोणाच्या वाट्याला धडधाकट, याचा हिशेब लावल्याशिवाय दोन सर्जनांची तुलना होत नाही. पण तो हिशेब मांडायलाही आधी निकाल हातात लागतात.

आता सभेला चला. डॉक्टरांच्या या सभेचा अध्यक्ष कॉडमनच आहे. विषय: इस्पितळांची कार्यक्षमता. आमंत्रितांत महापौर कर्ली आहेत, कामगारांच्या हालचाली मोजणारे फ्रँक गिलब्रेथ आहेत. शेवटी कॉडमन एका भल्यामोठ्या व्यंगचित्रावरचा पडदा ओढतो. वाळूत डोकं खुपसलेला शहामृग, म्हणजे बॅक बे भागातली श्रीमंत जनता, मागच्या मागे सोन्याची अंडी डॉक्टरांकडे लाथाडतो आहे. चित्रातच हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल विचारात पडलेत: थापा मारल्या नाहीत, तर आमच्या प्राध्यापकांचं पोट कसं भरणार?

सभागृह खवळतं. तुम्ही मागच्या दाराजवळच उभे राहा. कॉडमनचं अध्यक्षपद जातं, हार्वर्डमधली शिकवण्याची जागाही जाते. चित्र काढलं नसतं तर बिघडलं असतं का? पद्धत बिनतोड आणि मांडणारा आडमुठा, हा योग त्या पद्धतीला महागात पडला, असं मला वाटतं. मात्र नम्रपणे विचारलं असतं तर निकाल बाहेर आले असते, यावरही माझा विश्वास नाही.

का, ते १९१९च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात कळेल. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने शंभर किंवा जास्त खाटांची ६९२ इस्पितळं पाहिली. निकष अगदी प्राथमिक: रोग्यांच्या नीट नोंदी, प्रयोगशाळा, एक्स-रे, डॉक्टरांच्या नियमित बैठका. त्यात उतरली ८९. नापासांत देशातली नावाजलेली इस्पितळं होती. वर्तमानपत्रांच्या हाती नावं लागू नयेत म्हणून यादी रातोरात हॉटेलच्या भट्टीत गेली. आकडे जाहीर झाले, नावं जळाली.

तोवर पिंक्नी स्ट्रीटचं इस्पितळ बंद पडलेलं असतं. १९२०च्या सुमारास कॉडमन पुन्हा कार्डं मांडतो, या वेळी हाडांच्या सार्कोमाची, म्हणजे हाडांच्या कर्करोगाची. निरनिराळ्या डॉक्टरांकडून तो केसेस मागवतो: निदान काय, उपचार कोणते, रोगी पुढे किती जगला. प्रश्न बहुतेक तेच आहेत. फक्त आता चौकशी सर्जनची नाही, रोगाची आहे, आणि डॉक्टर केसेस पाठवतात.