टेक्मोची बखर

इतिहासाचे साधन कोणत्या रूपाने हाती येईल याचा नेम नसतो. ताम्रपट, शिलालेख, रुमालात बांधलेली दफ्तरे यांना साधनांच्या पंक्तीत मान मिळून पुष्कळ काळ लोटला. परंतु मुलांच्या खेळण्यासाठीही त्या पंक्तीत पाट मांडावा असे कोणी म्हटल्यास वाचकांस हसू आल्यावाचून राहणार नाही. तरी आज आम्ही ज्या वस्तूविषयी लिहिणार आहो, ती खेळणेच आहे. अमेरिकन फुटबॉलचा 'टेक्मो सुपर बाउल' नावाचा व्हिडिओ गेम 1991 च्या डिसेंबरात निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठी अमेरिकेत विक्रीस आला. करड्या प्लास्टिकचे चपटे कार्ट्रिज यंत्रात सरकवावे आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर सामना सुरू व्हावा, एवढीच त्याची करामत. आमच्याकडेही त्या दशकात या यंत्राच्या नकला अनेक घरांत आल्या व त्यांच्या 'कॅसेटी' मुलांनी फुंकर मारून मारून लावल्या, हे पुष्कळांस स्मरत असेल. परंतु प्रस्तुत खेळाचे मर्म कळावयास अमेरिकेतच गेले पाहिजे.

मूळ खेळाची रीत थोडक्यात अशी. शंभर यार्डांच्या मैदानावर अकरा-अकरा गडी समोरासमोर उभे राहतात. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्याने चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावयाचे. ते न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जावयाचा. हा खेळ पडद्यावर उतरविला तो मात्र जपानी मंडळींनी. टेक्मो ही कंपनी 1967 साली स्वच्छतेची साधने पुरविण्यासाठी निघाली होती. पुढे ती करमणुकीच्या यंत्रांकडे वळली. 1989 साली तिने निन्टेन्डोवर आणलेल्या 'टेक्मो बाउल'मध्ये बाराच संघ, एकेका बाजूस नऊ गडी आणि चढाईचे चारच डाव होते. चढाई करणाऱ्याने चारांतील एक डाव गुपचूप निवडावा, बचाव करणाऱ्याने तो ओळखावा. ओळखला तर चढाईचा चुराडा ठरलेला. दोघेही एकाच पडद्यासमोर बसत, म्हणून कोणती कळ दाबली हे हाताआड लपवावे लागे. चिंचोके मुठीत धरून एकी-बेकी खेळलेल्या माणसास यातील रंगत निराळी समजावून सांगावयास नको. 'सुपर बाउल'ने पुढे हा पसारा वाढविला: व्यावसायिक लीगचे तेव्हाचे सर्व 28 संघ, अकरा-अकरा गडी, प्रत्येक संघाचे आठ डाव, संपूर्ण मोसमाचे सामने आणि खेळाडूंच्या कामगिरीची नोंद.

या नोंदीमुळेच ही वस्तू बखरीच्या जवळ येते. बखर काही गोष्टी जपते, काही फुगविते आणि काही गाळते. म्हणून तिच्यावर न विसंबता अस्सल कागद पाहावे, असा आग्रह राजवाड्यांनी धरला. टेक्मोच्या कार्ट्रिजात हे तिन्ही गुणदोष आहेत.

प्रथम जपणूक पाहू. या कार्ट्रिजात रेडर्स संघ लॉस एंजेलिसचा आहे. तो 1995 साली ओकलंडला परतला आणि 2020 साली लास व्हेगासला गेला. ऑयलर्स संघ ह्यूस्टनचा आहे; तो 1997 साली टेनेसीत गेला व पुढे त्याचे नावही बदलले. वॉशिंग्टनच्या संघाने अमेरिकेच्या मूळ रहिवाशांस अपमानास्पद वाटणारे आपले नाव 2020 साली टाकून दिले. येथे ते तसेच आहे. मोडलेल्या सुभ्यांची नावे जुन्या कागदांत भेटावी, तसा हा प्रकार होय.

अतिशयोक्तीचे उदाहरण म्हणजे बो जॅक्सन. अलाबामात 1962 साली जन्मलेला हा पुरुष फुटबॉल आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ व्यावसायिक पातळीवर खेळे. दोन्ही खेळांच्या तारांकित सामन्यांसाठी निवडला गेलेला तो पहिलाच खेळाडू. या गेममध्ये त्याला असा वेग दिला आहे की, तो हाती आल्यावर पोराने त्याला नागमोडी पळवीत न्यावे, अकरा जण मागे लागावेत आणि कोणाच्याही हाती तो लागू नये. प्रत्यक्षातील जॅक्सन रेडर्सकडून चार मोसमांत अवघे 38 सामने खेळला. त्यांत 515 वेळा चेंडू घेऊन तो 2,782 यार्ड धावला. 13 जानेवारी 1991 रोजी सिनसिनाटीविरुद्धच्या सामन्यात मागून पकडला जाऊन तो पडला आणि त्याच्या खुब्याचा सांधा निखळला. हाडाचा रक्तपुरवठा तुटला, हाड मेले आणि फुटबॉल कायमचा संपला. कृत्रिम खुबा बसवून 1993 साली तो बेसबॉलच्या मैदानावर परतला व पहिल्याच फटक्याच्या संधीस त्याने होम रन मारला. ती गोष्टही असामान्यच. पण टेक्मोचे कार्ट्रिज दुकानांत आले तेव्हा त्याच्या अपघातास अकरा महिने होत आले होते. त्या नाताळात ज्या मुलांनी त्याला पडद्यावर पळविले, त्यांचा नायक मैदानातून आधीच नाहीसा झालेला होता. अतिशयोक्ती खरी, परंतु अर्ध्यावर तुटलेल्या कर्तृत्वाची हळहळ आकड्यांहून तिच्यातच अधिक उतरली आहे, असे आम्हांस वाटते.

आता गाळणूक. बफेलोचा जिम केली, फिलाडेल्फियाचा रँडल कनिंगहॅम आणि क्लीव्हलंडचा बर्नी कोसार हे त्या काळचे नामांकित क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचे सूत्रधार. खेळाडू-संघटनेने नावे वापरण्याचा जो सामुदायिक परवाना दिला, त्यात हे तिघे नव्हते. परिणामी 1991 च्या जानेवारीत ज्याच्या संघाचे विजेतेपद एका गुणाने हुकले, तो केली येथे 'क्यूबी बिल्स' एवढ्याच नावाने वावरतो. पूर्वीचा बखरकार धन्याची मर्जी पाहून नाव गाळी. येथे ते काम करारपत्राने केले. नाव ही मालमत्ता झाली म्हणजे इतिहासात कोरी जागा कशी पडते, याचा हा चांगला नमुना आहे. पुढे डिसेंबर 2004 मध्ये लीगने आपली नावे वापरण्याचा विशेष हक्क इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या एकाच कंपनीस दिला. इकडे टेक्मोच्या जुन्या गेममध्ये नव्या मोसमांतील नावे भरून हौशी मंडळी त्याच्या प्रती काढू लागली. जुन्या बखरीत नकलकाराने पुढची प्रकरणे जोडावी तशी.

एक गोष्ट राहिली. कार्ट्रिजात स्मृती दोन प्रकारची असते. संघ, नावे, गुणांक हे चिपमध्ये कायमचे कोरलेले असतात. घरातील मुलांनी खेळून मिळविलेले विजय मात्र नाण्याएवढ्या बॅटरीच्या आधारावर टिकतात, आणि ती संपली की पुसले जातात. अशा रीतीने जॅक्सन अद्याप धावतो आहे, पण त्याला धावविणाऱ्या भावंडांचा मोसम नाहीसा होतो. दरबारी बखर उरते आणि घरगुती टिपणे जातात, हा आमच्या संशोधकांचा जुनाच अनुभव. म्हणून ज्यांच्या माळ्यावर असे एखादे कार्ट्रिज अजून शिल्लक असेल, त्यांनी बॅटरीत जीव आहे तोवर पडद्यावरील आकडे एका वहीत उतरून घ्यावेत, आणि कोण कोणाशी खेळत होते तेही शेजारी लिहून ठेवावे.