कर्जत-खालापूर : आरोग्यसेवा आणि सत्तेच्या सीमारेषा

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके मुंबई-पुणे मार्गाला लागून वसले आहेत. सखल भागात गृहसंकुले, शेतघरे व कारखाने, तर डोंगरउतारांवर ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या, असे येथील चित्र आहे. दोहोंतील अंतर थोडे असले तरी उपचार मिळण्याच्या दृष्टीने ते फार मोठे ठरते.

कारभाराची विभागणी

उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषद चालवते. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय आणि कशेळे व चौक येथील ग्रामीण रुग्णालये राज्य शासनाच्या अखत्यारीत येतात. सपाट प्रदेशात ५,०००, तर डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. निकषात माणसे मोजली जातात. वाडीपर्यंतची चढण नव्हे. रायगड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर निवडणुका लांबल्या आणि कारभार काही वर्षे प्रशासकाकडे राहिला. त्या काळात बंद उपकेंद्राविषयी जाब विचारण्यास लोकनियुक्त सदस्यच नव्हता.

लोकसभेच्या दृष्टीने हे तालुके २००८ च्या पुनर्रचनेपासून मावळ मतदारसंघात आहेत. त्यातील सहापैकी तीन विधानसभा मतदारसंघ पुणे जिल्ह्यातील आहेत; त्यांत पिंपरी व चिंचवड ही महानगरी क्षेत्रे येतात. साहजिकच वाड्यांचा आवाज तेथे क्षीण पडतो.

अनुसूचित क्षेत्राबाहेर

शेजारच्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. रायगडचा कोणताही तालुका मोडत नाही. त्यामुळे ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा १९९६ चा 'पेसा' कायदा येथे लागू होत नाही. अनुसूचित क्षेत्रातील परिचारिका, आरोग्य कर्मचारी आदी पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखण्याची राज्यपालांची २०१४ ची अधिसूचनाही येथील वाड्यांच्या उपयोगाची नाही.

विमा आणि वाट

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. पुढे ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि तिची विमा मर्यादा दीड लाखांवरून पाच लाखांपर्यंत वाढविण्यात आली. मात्र मोठी रुग्णालये शहरांत एकवटलेली असल्याने तेथवर पोहोचण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी रुग्णाच्याच माथी येते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले. वाहन जाईल असा रस्ता नसल्याने बचाव पथकांना डोंगर पायी चढावा लागला. एरवी प्रसूतीची स्त्री वा सर्पदंश झालेला माणूस याच वाटेने खाली आणावा लागे.

पुढील दिशा

आदिम जमात म्हणून नोंद असलेली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. साहजिकच बालकांचे लसीकरण व अंगणवाडीतील आहार खंडित होतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम-जनमन' अभियानात अशा जमातींसाठी फिरत्या वैद्यकीय पथकांची तरतूद आहे. ही पथके भट्टीपर्यंत पोहोचतील का, आणि न पोहोचल्यास कोणाला जाब विचारता येईल, यावरच येथील आरोग्यसेवेचे भवितव्य अवलंबून आहे.